बुर्ज खलिफा आईला दाखवायचा आहे: मजला कोणता घ्यावा आणि वेळ कोणती?

जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी,

यंदा गड्ड्याची जत्रा आटोपली, की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई, पाच दिवसांसाठी दुबईला जाणार आहोत. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि तेथून विमान पकडायचे, इथपर्यंत सगळे ठरले आहे. घोडे अडले आहे ते बुर्ज खलिफापाशी.

ज्या एजंटाकडे आम्ही पैसे भरले, त्याच्या पत्रकात 'बुर्ज खलिफा दर्शन' एवढेच छापलेले होते. खोदून विचारल्यावर कळले, की दर्शन म्हणजे बसमधून उतरून खालून पाहायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. वर जायचे असेल तर माणशी वेगळी रक्कम भरावी लागेल आणि मग 'सगळ्यात वरच्या मजल्यावर' नेऊ, असे त्याचे म्हणणे आहे. हा सगळ्यात वरचा मजला कोणता, असे विचारले तेव्हा त्याने एकदा १२४ सांगितला आणि दोन दिवसांनी फोनवर १४८ सांगितला. त्यामुळे त्याच्या शब्दावर विसंबण्याची इच्छा राहिलेली नाही.

माझी खरी अडचण आईची आहे. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती वडिलांबरोबर विजापूरला गोल घुमटावर चढून गेली होती आणि त्या जिन्याची, वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून हळूच मारलेल्या हाकेची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलीला घेऊन तिथे गेलो, तेव्हा मात्र ती खाली हिरवळीवर बसून राहिली आणि 'तुम्ही जाऊन या' म्हणाली. ते मला अजून खुपते. म्हणून जिथे जिना चढावा लागत नाही, अशा उंच जागी तिला एकदा नेऊन उभे करायचे, असे मी मनाशी ठरवले आहे.

तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे, की १२४ आणि १४८ या मजल्यांत फरक नेमका काय आहे आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत का. सकाळी जावे की सूर्यास्ताला. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला किती चालावे व किती उभे राहावे लागते. जाता जाता एक कबुलीही देऊन टाकतो. मला स्वतःला उंचीची भीती वाटते. घराच्या गच्चीवर पाण्याची टाकी पाहायला चढलो तरी माझे तळपाय शिवशिवतात. पण ही गोष्ट अजून घरात कोणाला सांगितलेली नाही.

आईचाही एक प्रश्न आहे आणि तो तिच्याच शब्दांत देतो: 'आपल्याकडे विमानासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडावी लागली, मग तिथे एवढा मोठा बुरूज विमानांना कसा चालतो?'

पार्क चौक

नमस्कार. स्थापत्य अभियंता म्हणून मी नऊ वर्षे दुबईत होतो आणि आता सोलापुरात परतलो आहे. बुर्जच्या बांधकामावर मी नव्हतो, पण पाहुणे आले की त्यांना वर नेण्याचे काम माझ्याकडे असायचे, त्यामुळे तिथल्या वाटा पाठ आहेत.

सर्वप्रथम मजल्यांचा घोळ मिटवू. इमारतीला १६३ मजले आहेत आणि टोकापर्यंतची उंची ८२८ मीटर आहे. 'सगळ्यात वर' मात्र कोणताही पर्यटक जात नाही. सर्वसाधारण तिकिटावर आपण १२४ व १२५ या मजल्यांवर जातो, जे जमिनीपासून साधारण ४५२ ते ४५६ मीटरवर आहेत. महागडे तिकीट घेतले तर १४८ व्या मजल्यावर, म्हणजे ५५५ मीटरवर नेतात. त्याच्या वरचे उरलेले २७३ मीटर दोन्ही तिकिटांवर मान वर करूनच पाहावे लागतात. एजंटाने ज्याचे पैसे घेतले तो मजला तिकिटावर छापलेला आहे ना, हे पाहिल्याशिवाय बसमध्ये चढू नका. किंवा सरळ बुर्जच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतःच तिकीट काढा, त्यात अवघड काही नाही.

१४८ साठी दुप्पट, कधी त्याहून अधिक पैसे पडतात. त्या पैशांत बसायला ऐसपैस जागा, खजूर, अरबी कॉफी आणि मुख्य म्हणजे कमी गर्दी मिळते. शंभर मीटर जास्त उंचीमुळे दृश्यात फार मोठा फरक पडतो, असे मात्र मला कधी वाटले नाही. तेवढ्या उंचीवर गेल्यावर आणखी शंभर मीटर डोळ्यांना कळतच नाहीत. उघडा सज्जा १२४ व्या मजल्यावरही आहे, त्याच्या काचांच्या मधल्या फटींतून वारा अंगावर येतो आणि आपण खरोखर उंचावर आहोत याची जाणीव त्या वाऱ्यानेच होते. आईंचे गुडघे गर्दीत उभे राहण्याने फारच दुखत असतील तरच १४८ चा विचार करा. दृश्यासाठी करू नका.

वेळेबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत त्यातच आहे. तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळा महाग असतात. जानेवारीच्या अखेरीस तिथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तुम्ही सूर्यास्ताच्या तासभर आधीची वेळ घ्या, म्हणजे रांग, तपासणी आणि लिफ्ट यांत गेलेला वेळ वजा जाऊनही उजेडातले शहर, मावळता सूर्य आणि नंतर लागलेले दिवे अशी तिन्ही दृश्ये एकाच तिकिटात पदरात पडतात. वर पोचल्यावर 'आता खाली जा' असे कोणी सांगत नाही.

आणि मुलीला एक प्रयोग करायला सांगा. उंचावरून क्षितिज खाली सरकते, त्यामुळे सूर्य उशिरा मावळतो. ४५२ मीटरवरून हिशेब केला तर हा फरक जवळजवळ तीन मिनिटांचा येतो. मोबाईलवर दाखवलेली सूर्यास्ताची वेळ समुद्रसपाटीची असते. ती टळून गेल्यावरही वरून सूर्याची कड दिसायला हवी. ही केवळ कागदावरची गोष्ट नाही. २०११ च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी असे स्पष्ट केले होते, की बुर्जमध्ये ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी उपवास दोन मिनिटे उशिरा सोडावा आणि १५० व्या मजल्याच्या वर असणाऱ्यांनी तीन मिनिटे. एकाच इमारतीत तीन वेगवेगळे सूर्यास्त धरावे लागतात, हे मला त्या इमारतीच्या उंचीपेक्षाही नवलाचे वाटते.

आता आईंचा प्रश्न. तो उत्तम आहे आणि तो विचारणारे पर्यटक मला नऊ वर्षांत भेटले नव्हते. चिमणी उंच आहे म्हणून अडचण होत नाही, ती कुठे उभी आहे यामुळे होते. दुबई विमानतळाच्या धावपट्ट्या वायव्येकडून आग्नेयेकडे जातात आणि बुर्ज त्यांच्या नैर्ऋत्येला, सुमारे दहा किलोमीटरवर, बाजूला उभा आहे. उतरणारी आणि उडणारी विमाने धावपट्टीच्या रेषेत जातात, त्यामुळे त्यांच्या वाटेत तो येत नाही. २०२३ मध्ये पाडलेली आपली चिमणी होटगी रस्त्याच्या धावपट्टीजवळच होती आणि विमानांच्या वाटेतला अडथळा ठरवून ती पाडली गेली. त्यातल्या राजकारणावर मी बोलणार नाही, कारण मग हा विषय बुर्जचा राहणार नाही.

जाता जाता: आई त्याला 'बुरूज' म्हणाल्या ते अगदी बरोबर आहे. अरबी 'बुर्ज' आणि आपल्या भुईकोट किल्ल्याचा 'बुरूज' हा एकच शब्द आहे.

कडक भाकरी

पार्क चौक यांनी मजल्यांचे नीट सांगितले आहे, तेव्हा मी फक्त पायांबद्दल लिहिते. मी सासूबाईंना घेऊन गेले होते; त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते आणि एका गुडघ्याचे ऑपरेशन झालेले होते.

चालणे बुर्जमध्ये नाही, बुर्जपर्यंत आहे, हे आधी लक्षात घ्या. वर जाण्याचे प्रवेशद्वार दुबई मॉलच्या तळमजल्याच्याही खालच्या मजल्यावर आहे आणि तो मॉल म्हणजे एक गावच आहे. आम्ही उत्साहाने मेट्रोने गेलो. स्थानकापासून मॉलपर्यंत वातानुकूलित पूल आहे आणि त्यावर सरकते पट्टेही आहेत, पण तो पूल संपता संपत नाही, आणि मॉलमध्ये शिरल्यावर पुन्हा तेवढेच चालावे लागते. प्रवेशद्वाराशी पोचेपर्यंत सासूबाई दोनदा बाकावर बसल्या. तुम्ही टॅक्सीने मॉलच्या दारापर्यंत जा आणि आईंना चाकांच्या खुर्चीत बसवा. 'मी काय आजारी आहे का' असे त्या म्हणतीलच, आमच्याही म्हणाल्या होत्या; पण खुर्ची वरपर्यंत नेता येते आणि कडेशी पोचल्यावर त्यांना हवे तेवढे उभे राहता येते. शक्ती रांगेत घालवू नये, काचेसाठी राखून ठेवावी.

लिफ्टचा वेग सेकंदाला दहा मीटर आहे, म्हणजे साधारण मिनिटभरात आपण १२४ व्या मजल्यावर असतो. पोटात गोळा वगैरे काही येत नाही. कानांत मात्र दडे बसतात, घाटात एसटी चढताना बसतात तसेच. सासूबाईंच्या पिशवीत खडीसाखर असते, ती त्यांनी आम्हा सर्वांच्या आणि शेजारी उभ्या असलेल्या एका परक्या मुलाच्या हातावर ठेवली. गिळत राहिले की कान मोकळे होतात. लिफ्टमध्ये अंधार असतो, बाहेर पाहण्याची काच नसते, त्यामुळे उंचीची भीती वाटणाऱ्यांनी लिफ्टला घाबरू नये. (जुळे सोलापूर, ही ओळ तुमच्यासाठी आहे. घरी सांगून टाका. नवरा भिंतीला चिकटून उभा राहिला तर बायकोला ते कळतेच.)

आतल्या मजल्यावर एसी कडक असतो आणि उघड्या सज्जात जानेवारीचा वारा असतो, म्हणून आईंना शाल असू द्या. आपली चादर न्यावी असे म्हणणार होते, पण ती दुबईपेक्षा जड पडेल. डबा, चिवडा, शेंगाचटणी वर नेऊ देत नाहीत, तेव्हा खाऊन जा. शिरताना हिरव्या पडद्यापुढे उभे करून तुमचा फोटो काढतात आणि उतरताना तो बुर्जच्या चित्रावर चिकटवून दाखवतात. घेतलाच पाहिजे असे काही नाही.

एक चूक आमच्याकडून झाली तेवढी तुम्ही टाळा. आमची सहल ज्या कंपनीबरोबर होती, तिने सकाळी वाळवंटाची सफर आणि संध्याकाळी बुर्ज असे एकाच दिवशी ठेवले होते. बस अडकली, आम्ही पोचलो तेव्हा सूर्य गेलेला होता आणि सूर्यास्ताच्या तिकिटाचे पैसे देऊन आम्ही दिवे पाहिले. दिवेही सुंदर होते, नाही असे नाही. पण सासूबाईंना दिव्यांचे काही वाटले नाही. 'आपल्या तळ्यात सिद्धरामेश्वराच्या जत्रेला असतात तसेच आहेत, जरा जास्त आहेत' एवढेच त्या म्हणाल्या. बुर्जच्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नका.

हिप्परग्याचा बगळा

सर्वजण 'कोणत्या मजल्यावर' याचीच चर्चा करत आहेत, म्हणून थोडा विरुद्ध सूर लावतो.

मी मे महिन्यात गेलो होतो. चूक माझीच होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला कोणत्याही उन्हाचे काही वाटत नाही, हा गैरसमज मी विमानात बरोबर घेऊन गेलो. हवेत धूळ आणि बाष्प एवढे होते, की गणिताप्रमाणे पंचाहत्तर किलोमीटर दूरचे क्षितिज दिसायला हवे तिथे मला पाम जुमेरा हे ताडाच्या आकाराचे समुद्रातले बेटही दिसले नाही. तुम्ही जानेवारीत जात आहात हे उत्तम, पण त्या दिवसांत पहाटे दुबईत धुके उतरते, तेव्हा सकाळची वेळ स्वस्त आहे म्हणून फसू नका.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. त्या उंचीवरून शहर सपाट होते. शेख झायेद रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या इमारती, ज्यांच्याखाली उभे राहून आदल्या दिवशी आपली टोपी पडली होती, त्या वरून काडेपेट्या उभ्या करून ठेवाव्यात तशा दिसतात आणि त्यांची उंचीच नाहीशी होते. विमानाच्या खिडकीतून दिसते तेच दिसते, फक्त ते हलत नाही. गोल घुमट जेमतेम एक्कावन्न मीटर उंच आहे. पण सात मजल्यांचा अरुंद जिना चढून वर गेल्यावर खालचा माणूस माणूस म्हणून ओळखू येतो, त्याचे पागोटे दिसते, त्याने हाक मारली तर ऐकू येते. पाहण्याची उंची ती.

म्हणून माझी सूचना अशी, की दुबई फ्रेमचा विचार करावा. जाबील उद्यानात २०१८ साली उघडलेली ही दीडशे मीटर उंचीची चौकट आहे. तिच्या दोन उभ्या खांबांना जोडणाऱ्या पुलावरून एका बाजूला खाडीकाठची जुनी दुबई आणि दुसऱ्या बाजूला बुर्जसह नवी दुबई दिसते. लिफ्ट आहे, तिकीट बुर्जच्या मानाने बरेच स्वस्त आहे आणि इमारती तिथून इमारतींसारख्या दिसतात. पुलाच्या मध्यभागी जमीन काचेची आहे, तेवढी प्रश्नकर्त्याने टाळावी.

पार्क चौक

बगळेसाहेबांचे म्हणणे नजरेपुरते खरे आहे आणि फ्रेम पाहण्यासारखी आहेच. पण बुर्जवर माणूस केवळ खाली पाहायला जातो असे मला वाटत नाही. एवढ्या उंचीवर आपल्याला कोणीतरी उभे करू शकले, याचेही काही कौतुक असते.

इमारतीचा तळ वरून पाहिला तर इंग्रजी वाय अक्षरासारखा, तीन पाकळ्यांचा आहे. मधल्या षट्कोनी गाभ्याला या तीन पाकळ्या तीन बाजूंनी टेकू देतात, म्हणून तो पिळला जात नाही. वर जाता जाता पाकळ्या एकामागून एक, फिरत्या क्रमाने आखूड होत जातात. त्यामुळे प्रत्येक उंचीवर इमारतीचा आकार वेगळा होतो आणि वाऱ्याला तिला एका तालात हलवता येत नाही. वास्तुरचना एड्रियन स्मिथ यांची आणि संरचना बिल बेकर यांची. खाली ३.७ मीटर जाडीचा काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे पायाचा सलग थर आहे आणि त्याखाली दीड मीटर व्यासाचे १९२ पाईल, म्हणजे जमिनीत उतरवलेले खांब, पन्नास मीटरपर्यंत खोल गेलेले आहेत. उन्हाळ्यात काँक्रीट वेळेआधी घट्ट होऊन तडे जाऊ नयेत म्हणून त्यात बर्फ घालून ते रात्री ओतत असत आणि पंपाने ते ६०० मीटरच्याही वर चढवले होते. आपल्याकडे तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबला मे महिन्यात ओली पोती घालताना काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला यातले मर्म कळेल.

सोलापूरकर म्हणून मला सर्वांत आवडलेली गोष्ट पाण्याची आहे. दमट हवा थंड केली की एसीतून पाणी ठिबकते, हे आपण घराच्या खिडकीखाली रोज पाहतो. बुर्जमध्ये हे ठिबकणारे पाणी गोळा करून टाकीत साठवतात आणि आवारातल्या बागेला देतात. वर्षाला ते सुमारे दीड कोटी गॅलन भरते. नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावातला माणूस हे ऐकतो, तेव्हा त्याला ८२८ मीटरपेक्षा तो आकडा मोठा वाटतो.

जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. एजंटाला बुर्जच्या तिकिटाची रक्कम न भरण्याचे कळवले असून संकेतस्थळावरून १२४ व्या मजल्याची पावणेपाचची चार तिकिटे काढली आहेत. फ्रेम दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवली आहे. उंचीच्या भीतीचे घरी सांगितले. 'ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे' असे उत्तर मिळाले.

जुळे सोलापूर

परवा परत आलो. ज्यांनी एवढे कष्ट घेऊन लिहिले, त्यांना काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

टॅक्सीने मॉलपर्यंत गेलो आणि आईला चाकांच्या खुर्चीत बसवले. तिने अपेक्षेप्रमाणे कुरकुर केली, पण तपासणीच्या रांगेची लांबी पाहून ती गप्प बसली. खडीसाखर नेली होती. लिफ्टमध्ये मला खरोखरच काही वाटले नाही. आकडे पळताना दिसत होते, पण ते दुसऱ्याच कोणाचे तरी आहेत असे वाटत होते. भीती आली ती वर, सज्जाचे दार उघडल्यावर, काचांच्या फटीतून आलेला वारा तोंडाला लागला तेव्हा. मी दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि जवळजवळ पाऊण तास तिथेच होतो. तिथून आकाश चांगले दिसते, हे नमूद करतो.

मुलीचा प्रयोग फसला. तिने मोबाईलवरची वेळ वहीत लिहून घेतली होती आणि पश्चिमेच्या काचेशी, माणसांच्या तीन रांगांतून वाट काढून, ती वीस मिनिटे उभी होती. पण समुद्रावर धुरकट पट्टा होता आणि सूर्य क्षितिजापर्यंत पोचण्याआधीच त्यात विरघळून गेला. लिहिलेल्या वेळेच्या आधी मिनिटभर तो दिसेनासा झाला होता. तीन मिनिटे उशिरा मावळायचा तो एक मिनिट लवकर गेला, म्हणून ती रुसली. पार्क चौक काकांना विचारून ठेव, असे तिने मला बजावले आहे.

या गडबडीत आई कुठे आहे हे कोणाच्याच लक्षात नव्हते. खुर्ची रिकामी होती. मग भिंत सोडून मलाच तिला शोधायला जावे लागले. ती पूर्वेच्या बाजूला उभी होती, जिथे त्या वेळी कोणीही नव्हते, कारण सगळी गर्दी सूर्याकडे होती. दोन्ही हात काचेवर टेकवून ती खाली पाहत होती. मी जवळ जाऊन काय पाहतेस असे विचारले, तर तिने बोट दाखवले. बुर्जची सावली पडलेली होती. आमच्या पायांशी सुरू होऊन ती इमारतींवरून, रस्त्यांवरून, खाडीच्या पलीकडच्या मोकळ्या जमिनीवरून दूरपर्यंत गेली होती, आणि नंदीध्वजाच्या काठीसारखी टोकाकडे निमुळती होत होती. आम्ही पाहत असतानाच ती जमीन संपेपर्यंत लांबली आणि मग पुढच्या धुरकट हवेवर उभी चढली. 'आत्ता ती मघाच्या पांढऱ्या इमारतीपाशी होती' असे आई म्हणाली. म्हणजे ती बराच वेळ तिचा माग काढत असावी. मग उजेड गेला आणि सावलीही गेली. किती वेळ उभी होतीस, असे विचारल्यावर तिने गुडघ्याकडे पाहिले आणि खुर्ची मागितली.

त्या दहा मिनिटांत मी काचेपासून हातभर अंतरावर उभा होतो, हे मला खाली आल्यावर पत्नीने सांगितले.

फ्रेमही पाहिली. बगळेसाहेब, आपले म्हणणे पटले. तिथून माणसे दिसतात. आई काचेच्या जमिनीवरून चालत गेली. मी गेलो नाही.

कडक भाकरी

सावलीचे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या महिन्यात जाऊबाई जाणार आहेत, त्यांना सांगते. वर एकूण किती वेळ होता? आणि खुर्ची तिथेच मिळाली की बरोबर नेली होती?

जुळे सोलापूर

वर पावणेदोन तास होतो. सूर्यास्तानंतर दिवे लागेपर्यंत थांबलो. खुर्ची मॉलमध्ये मागून घेतली, बरोबर नेली नव्हती. जाऊबाईंना पूर्वेची बाजू सूर्यास्ताच्या निदान अर्धा तास आधी गाठायला सांगा, नंतर सावली फार भरभर पळते.